होडीची वाटणी

गारखेडा, औरंगाबाद
शुक्रवार, २ ऑक्टोबर १९९८
दसऱ्याचा दुसरा दिवस

सौ. वहिदाभाभींना आवडाचा नमस्कार. कमरोद्दीनभाईंना सलाम सांगा, सांगता आला तर.

इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका. इकडं सगळं ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? एरंडेल चोळता का आळस करता? हसीनाला दिवस गेल्याचं बाजारात कळलं, फार आनंद झाला. बाळासाठी नवीन कापड घेऊ नका, ते टोचतं. ह्यांच्या जुन्या धोतरांची मऊ दुपटी शिवून ठेवली आहेत.

आता कामाचं लिहिते. होडी दुरुस्त झाली.

तुम्ही हसाल. अर्धी होडी कशी दुरुस्त होते, म्हणाल. भूकंपाच्या साली ह्या दोघा मित्रांनी भांडून वाटणी केली, तेव्हा आपण दोघी चुलीपाशी बसून हसलोच होतो. भावाभावांत शेत वाटतात तसं, फायबरचं धूड आणि सुकाणू आमच्या अंगणात, डोलकाठी आणि शिडं तुमच्या पैठणला. तेव्हापासून ना तुमची अर्धी पाण्यात गेली, ना आमची. तुमच्या डोलकाठीवर धुणं वाळतं असं ऐकलं. आमचीही काही फार मानानं नव्हती. तिच्याखाली मांजर व्यायची.

मानाचं म्हणाल तर एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते. होडी दारात आली त्या वर्षी खंडेनवमीला मी सुकाणूची पूजा केली आणि होडीच्या पुढच्या टोकालाही तेलात कालवून शेंदूर लावला. हत्यारापात्याची पूजा करतो, मग हिनं काय पाप केलं? पुढं दरसाल लावत गेले. शेजारच्या आशाबाईंनी एकदा नारळ फोडला, त्यांच्या लेकीचं लग्न जमलं. झालं. मग गल्लीतल्या बायका शनिवारी तेल घालायला यायला लागल्या. टोकावर बोटभर जाड थर चढला. वाटणीआधी धरणात, पाण्यातून वर आलेल्या झाडाच्या बुंध्यावर होडी आपटून पडलेली भेग नेमकी त्याच थराखाली.

यंदा उन्हाळ्यात काम काढलं. हे खुर्चीत बसून सांगायचे, मी करायची. आधी सगळं अंग नाण्यानं वाजवून पाहिलं. माठ घेताना आपण वाजवतो तसंच. खणखण वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तिथं आतून कुजलेलं. तेवढा भाग खरवडून काढायचा आणि काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनच्या चिकट रसात भिजवून थरावर थर बसवायचे. रेझिनमध्ये दुसरं औषध घातलं की ते साखरेच्या पाकासारखं धरायला लागतं. पहिल्या दिवशी मी पाकासारखंच सगळं एकदम कालवलं. मे महिन्याचं ऊन, घमेल्यातून धूर निघाला, रेझिन दगड झालं आणि घमेलं वाया गेलं. मग पहाटेच्या गारव्यात, वाटीवाटीनं. काचेची कूस अंगाला खाजकुयलीसारखी लागते, म्हणून ह्यांचा लांब बाह्यांचा सदरा घालून बसायची.

बाकी सगळं बसलं, पण टोकाचं ठिगळ टिकेना. शेंदूर वरवर बाजूला सारून लावलं होतं. दुसऱ्या दिवशी भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं हातात आलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. ह्यांनी भेगेवरून बोट फिरवलं, हुंगलं आणि म्हणाले, तेल मुरलंय. इतक्या वर्षांचं माझंच तेल.

भाभी, दोन दिवस माझा हात झाला नाही. शेंदूर चढलेल्याला खरवडायचं म्हणजे काय! आशाबाई तर भांडायलाच आल्या. म्हणाल्या, "लई शिकलीस व्हय, देव खरवडतीस?" मी म्हटलं, "देवाचंही कवच जड झालं की उतरवतात, गंगेत सोडतात. मी तेच करतेय." त्यांना पटलं नाही. मला मात्र बोलता बोलता पटलं. आंघोळ करून, हात जोडून, उलथन्यानं सगळा थर उतरवला. धुण्याच्या सोड्यानं धुतलं, मग थिनर, मग पॉलिश पेपर. वर पाणी ओतलं की थेंब गोळा होऊन पळाले तर तेल आहे, पसरून बसले तर गेलं. ते पसरेपर्यंत घासत राहिले. मग ठिगळ असं बसलं, की हातोडीनं वाजवलं तरी खणखण. परवा खंडेनवमीला नुसतं फूल ठेवलं. आशाबाई अजून बोलत नाहीत.

वर मी सगळं ठीक आहे असं लिहिलं. ते खोडत नाही, पण ते खरं नाही.

सगळ्या कामात हे बोटांनीच बघत होते. मला वाटलं कारागिराची सवय असेल. एक दिवस शेजारी ठेवलेला चहा त्यांनी लवंडला. कप त्यांच्या उजव्या हाताला होता, दिसलाच नाही. डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू आहे. कडेची नजर गेली आहे, मधली तेवढी नळीतून दिसावी तशी उरली आहे. औषधानं जेवढी टिकेल तेवढी, गेलेली परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सरळ विचारलं. त्या दिवशी धरणात कमरोद्दीनभाई ओरडले होते का?

हे म्हणाले, "ओरडला होता. बुंधा आहे, फिरव, म्हणाला होता. मला बुंधा दिसलाच नाही. कुठं फिरवू?"

"मग काठावर, चार माणसांत, तो ओरडलाच नाही असं का म्हणालात?"

"दिसत नाही म्हटलं असतं, तर सुकाणू कुणी हातात दिलं असतं?"

भाभी, तुमच्या माणसाला चारचौघांत खोटं ठरवलं ते असं. भाईंचा राग खरा होता. ते होडीवरून रागावले, असं मी इतकी वर्षं समजत होते. ते शब्दावरून रागावले होते. हे कुणाला सांगू नकोस, असं ह्यांनी मला बजावलंय. मी सांगते आहे. नवऱ्याचा शब्द मोडल्याचं पाप माझ्याकडं, देवाला काय सांगायचं ते मी सांगेन.

हे म्हणतात, वारा गालावर कळतो, होडी अजून चालवता येईल. पुढं काय आहे ते कुणी सांगणारा पाहिजे. "कुणी" म्हणतात, नाव घेत नाहीत. धरण यंदा भरलंय. पुढच्या साली पाणी असेल, नजर असेलच असं नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी टेम्पो सांगितलाय. ह्यांना सांगितलंय, नाथांच्या दर्शनाला जायचं आणि होडीला धरणाचं पाणी दाखवायचं. ते खोटं नाही, आधी समाधीवर जाऊ, मग तुमच्या दारी. होडी तुमच्या अंगणात उतरवून घेईन. भाईंना हे पत्र वाचून दाखवा, किंवा नुसतं त्यांच्यासमोर ठेवा. नुसती डोलकाठी टेम्पोत घालून द्यायचा विचार असेल तर देऊ नका, मी घेणार नाही. काठी पाहिजे ती माणसासकट. आणि भाई बाहेर आलेच नाहीत, तर आमची अर्धीही तुमच्याकडं राहू द्या. मी ती परत आणणार नाही, आता वाटणी पुरे.

तुमच्या दाराशी पायरी आहे, ती ह्यांना सांगावी लागेल. ती भाईंनीच सांगावी.

एवढं मागून हात जोडणारी,
आवडा