कुडपणची छत्री

१२ जानेवारी, रविवार

छत्रीत शेण्या! खेड्यात उपग्रहावरून पहिल्यांदा टीव्ही आणायला सरकारने कुडपणच्या माळावर उभारलेली ही जाळीची मोठी तबकडी — आणि तुळजाबाई तिच्यात शेण्या वाळवते. जागा तिचीच. टीव्ही बंद पडला, माणसं मुंबईला गेली, छत्री राहिली.

मी म्हटलं, दुरुस्त करते. टीव्हीसाठी नाही. हिच्यात सूर्याच्या रेडिओलहरी पकडायच्या, त्यांचा आवाज करून सगळ्यांना ऐकवायचा.

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"म्याडम, आनि माज्या शेन्या?"

"दुसरीकडे घाला."

"दुसरीकडं कोंबड्या ऱ्हाऊ देत नायत."

मग स्वतःच उचलायला लागली. मी दुसऱ्या बाजूने.

१९ जानेवारी, रविवार

दिवसभर गंज घासला. महाडला घरी उतरले तेव्हा हात केशरी. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून कुठे गेले, कधी आले, कुणी विचारत नाही. आज भाजीवालीने विचारलं — हाताला काय झालं? किती वेळ सांगत बसले मी तिला! मागची गिऱ्हाइकं वैतागली.

२ फेब्रुवारी, रविवार

बिजागरी हलत नाही. रॉकेल, तेल, शिव्या — सगळं ओतून झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

फिरली!! मी ढकलत होते, तुळजाबाई दोर ओढत होती. कर्र झालं आणि फिरली.

नवा रिसिव्हर जोडला, बॅटरी लावली. स्पीकरमधून खरखर. छत्री सूर्यावर आणली की मोठी, बाजूला केली की बारीक. पुन्हा सूर्यावर — पुन्हा मोठी. तोच! मी चक्क रडले. तुळजाबाई शेळ्या वळवायला गेली होती, बरं झालं.

घरी येऊन आम्रपालीला फोन केला. बहीण आहे, तिला नाही सांगायचं तर कुणाला?

"छान गं ताई. तब्येत सांभाळ. कुकर झालाय, ठेवते हं."

मग फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. ठेवून दिला.

२ मार्च, रविवार

आज सूर्य ऐकण्याचा कार्यक्रम होता. पोलादपूरच्या शाळेत जाऊन सांगितलं होतं, गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं — कितीतरी अंगठे आले होते. सरपंच कोंडाजीराव म्हणाले होते, "येणार म्हंजे येणार."

सतरंजी अंथरली. ऊन डोक्यावर आलं. कुणी नाही. कोंडाजीरावांचा फोन बंद.

तुळजाबाई आली आणि सतरंजीच्या मधोमध बसली. मी स्पीकर लावला.

"ह्यो सूर्य?"

"हो."

बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "एकलाच बडबडतोय गो."

मी आवाज थोडा मोठा केला.

"मालक गेल्यापासनं मीबी बोलते," ती म्हणाली. "भांड्यांशी."

मग कुठली कळ कशाची, छत्री कुठवर वळवायची, सगळं तिने विचारलं. एकदा करूनही पाहिलं. निघताना म्हणाली, "सामान माज्या घरात ठेव, बाय. उचलून कुठं नेतेस?" म्याडमची बाय कधी झाले, कळलं नाही.

ठेवलं. उतरताना ठरवलं — पुन्हा यायचं नाही. सूर्य माझ्यावाचून अडलेला नाही. गावही नाही.

९ मार्च, रविवार

गेले नाही. अंगात कणकण आहे. निदान तसं म्हणायला बरं.

१५ मार्च, शनिवार

शिमग्याला मुंबईकर गावी आलेत. आता तुळजाबाईचा फोन — कुणाच्या तरी मोबाईलवरून. मागे नुसता गलका. ती ओरडूनच बोलत होती:

"बाय, हायेस कुठं? आख्खी वाडी येऊन बसलीय! कायबाय इचारत्यात, मला सांगता येत नाय. लवकर ये गो — मी सूर्य लावलाय!"