रविवारचा गट आणि माझी विचारपूस

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
आधी सगळ्यांच्या तब्येती. मी ठणठणीत, गुडघा सोडून. मुलगा एकनाथ शिफ्टवर. फोनवर बरा वाटला. सून स्नेहलची पाठ कशी आहे? विचारलं तर ठीक म्हणते. नातू निरंजनला ऑटिझम. काल नुसता भात खाल्ला, मिक्सर लावला की कान झाकतो. बाकी झकास.

संध्याकाळ
आजपासून आपल्या माडीवर पालकांचा गट. अशा मुलांच्या आईबापांनी बसायचं, मन मोकळं करायचं. गट चालवायला बावधनहून मृण्मयी मॅडम येतात. त्यांचा एकच नियम: इथलं इथंच. फार आवडला. हा गट पालकांचा आहे, आजोबांचा नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. म्हटलं, घर माझं, खुर्च्या माझ्या. कोपऱ्यात बसेन, तोंड उघडणार नाही.
उघडलं. पण थोडंच.
निरंजनने दारात सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावल्या. लांबलचक रांग झाली. गडी खूश.

९ नोव्हेंबर, रविवार
स्नेहल आजही गटात काही बोलली नाही. म्हणजे आपल्या घरात तिला दुःखच नाही. ऊर भरून आला. तिच्या वाटणीचं मीच बोललो. विषय: जिद्द.
पिरंगुटची शुभांगी मात्र रडली. तिचा अमोघ रात्रभर झोपत नाही. म्हणाली, कधी वाटतं स्कुटी काढावी आणि चांदणी चौकाच्या पुढे कुठंही निघून जावं. पोर बिचारी. काहीतरी केलं पाहिजे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
केलं. पिरंगुटच्या बाजारात शुभांगीच्या सासूबाई सारजाबाई भेटल्या. नियम म्हणजे नियम, गटातलं काही सांगितलं नाही. फक्त काळजीपोटी म्हणालो, सुनेला जपा, स्कुटी काढून निघून जायचं तिच्या मनात येतं. बरं झालं सांगितलंत, म्हणाल्या. मन हलकं झालं. येताना मेथी आणली.

१६ नोव्हेंबर, रविवार
शुभांगी आली नाही. स्कुटीची किल्ली सारजाबाईंनी कमरेला खोचली आहे म्हणे. अमोघला थेरपीला नेणंही बंद. आयटीतला रोहित म्हणाला, मग आमचंही उद्या बाजारात जाईल, आणि डोकं दुखतंय म्हणत मधेच उठून गेला. बाकीचेही एकेक करून उठले. मॅडमनी मला जिन्यात गाठून सांगितलं की एकदा भरवसा गेला की असा गट बसत नाही. मी म्हटलं, घरात राहिली तर शुभांगीला विश्रांतीच मिळेल. त्या जिना उतरून गेल्या. पटलं असावं.
संकल्प: पुढच्या रविवारी सगळ्यांना पोहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
किल्ली सोडवायला सारजाबाईंच्या घरी गेलो. त्यांनी उंबऱ्यातूनच वाटेला लावलं.
"आमच्या घरातलं आमी बघू. तुमची सून तितं का गप बसती, त्ये इचारा की आधी."
घरी येऊन विचारलं. स्नेहल कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली,
"अण्णा, तिथं तासभर तरी मला कुणाची सून नसायचं होतं. तुम्ही समोर बसलात."
अर्थ लागला नाही. सून तर ती आहेच, आणि गुणाची आहे. जेवण मात्र गेलं नाही. पाठीचं मलम तिच्या उशाशी ठेवून आलो.

२३ नोव्हेंबर, रविवार
पातेलंभर पोहे. रस्त्याला ट्रॅफिक असेल म्हणून पाच वाजेपर्यंत झाकून ठेवले. निरंजन दारात बसून होता. शेवटी माझ्याच चपला त्याला दिल्या. त्याने त्या नीट लावल्या, शेजारची फरशी हाताने पुसली आणि बसून राहिला. उठवलं तर उठेना.
मोबाईलवर गटाचा ग्रुप उघडला. रोहित लेफ्ट. शुभांगी लेफ्ट. मॅडम लेफ्ट. सगळ्यात खाली स्नेहल लेफ्ट. ती खाली पोह्यांचं पातेलं घासते आहे, इथपर्यंत आवाज येतो.
ग्रुपचा ॲडमिन आता मी. जबाबदारी वाढली. लगेच मेसेज टाकला:
"शुभांगीताई, झोप लागते का? अमोघ कसा आहे? रोहितराव, डोकं दुखायचं थांबलं का? मॅडम, तुमची तब्येत? स्नेहल, मलमाने पाठीला उतार पडला का? मी ठणठणीत. निरंजन अजून दारात बसला आहे. वाचलं की दोन ओळी लिहा, लवकर."