‘मागच्या दाराने या’मधलं भूत

प्रिय लावेल,

तू तिकडे अटलांटात लोकांचे एसी दुरुस्त करत फिरतोस आणि इकडे मेम्फिसात तुझ्या नावाने अजून काचा थरथरतात, हा न्याय मला काही पटत नाही. काल एक तिशीतला गडी जुन्या कॅडिलॅकमध्ये स्पीकर बसवून घ्यायला दुकानात आला. विचारलं, दणका किती हवा? म्हणाला, "काका, तिसऱ्या गाण्यात लावेलचं भूत कण्हलं की मागची नंबरप्लेट हलली पाहिजे." तुझी ‘मागच्या दाराने या’ ही रॅपची कॅसेट निघाली तेव्हा हा पाळण्यात असेल!

आठवतं ना, रेकॉर्डचं एकही दुकान ती कॅसेट ठेवून घेईना. मी म्हटलं, माझ्याकडे ठेव. स्पीकर बसला की गिऱ्हाईक तो वाजवून बघणारच. मी तुझी कॅसेट सरकवायचो. गाडी हलली की दोन्ही खपायचं. प्रती काढायचं माझं मशीन मात्र जुनंपानं. पट्टा सैल, मूळ कॅसेट त्यावर रेंगाळत वाजायची आणि प्रतीत तिसऱ्या गाण्यामागे ते भूत कण्हायचं, तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा उतरायचा. गावाला तोच आवडला. मग लिटल रॉक शहरात तू स्टेजवर आपल्या खऱ्या वेगाने सुटलास, तर लोक ओरडले, "उतरवा याला! तोतया आहे! आमचा लावेल घाई करत नाही!" परतताना गाल फुगवून बसलास, पण हळू म्हणायला शिकलास. पुढच्या कॅसेटी त्याच चालीवर गाजल्या. नंतर मोठ्या कंपनीने तुला धुऊन इस्त्री केली आणि इस्त्रीतच सगळी गंमत गेली. असो.

गेल्या वर्षी तुझ्या आईला, गल्लीच्या मिस व्हर्नेलला, अखेरचा निरोप देऊन आपण चर्चमध्ये जेवायला बसलो, तेव्हा तू ताटाला हात लावला नाहीस. म्हणालास, "हर्शेल, फोटो ढीगभर आहेत रे, आवाज एकही नाही." मी म्हटलं, "अख्ख्या गल्लीच्या कानात आहे की! ‘शिव्या घालायच्या तर अंगणात जा, या घरात येशू राहतो!’" तू हसलास, पण पुरता नाही.

परवा तुझा अल्बम पुन्हा काढणाऱ्या त्या जर्मन कंपनीचा माणूस आला. तू शुक्रवारी करारावर सही करणार म्हणाला. मूळ कॅसेट माझ्याकडेच, म्हणून नव्या मशीनवर खऱ्या वेगाने लावली. तिसरं गाणं आलं. भुताच्या जागी भूत काही येईना. त्याने नाक मुरडलं. "मागे कुणाचं तरी स्वयंपाकघर ऐकू येतंय. पुसून टाकू. भूत मशीनवर नवं बनवू." मी कॅसेट खिशात घातली, त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

लावेल, तू तुझ्या खोलीत ते गाणं टेप करत होतास तेव्हा भिंतीपलीकडे मिस व्हर्नेल मासे तळत होती आणि चर्चचं गाणं गुणगुणत होती. आपण दोघं नुसता तुझाच दणका ऐकत होतो, आणि माझ्या सैल पट्ट्याने तिचं भूत केलं. इतकी वर्षं सगळ्या गावाने तिला गाडीच्या डिकीत घालून फिरवलं; कळलं असतं तर तिने आपल्याला झाडूने बडवलं असतं! सोबत प्रत पाठवतोय, या खेपेला पट्टा घट्ट आहे. आधी ऐक, मग सही कर, आणि करारात घालून घे की त्या स्वयंपाकघराला कुणी हात लावायचा नाही. गाणं संपता संपता ती तुला हाक मारते, "लावेल, मासे झाले, हात धुऊन ये." तेव्हा बाबा, आधी हात धू आणि मग बटण दाब.

तुझाच, कान अजून शाबूत असलेला,
हर्शेल