डाव्या हाताची गाडी

प्रिय सूनबाई,

गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक, असं तू फोनवर विचारलंस आणि मी "बघू, कळवते" म्हणून विषय बदलला. जन्मभर लोकांना गाडी शिकवून पोट भरलेली बाई एवढ्याशा प्रश्नाला अडखळली, याचं तुला नवल वाटलं असेल. पण तुझा फोन स्पीकरवर होता. आमचे चिरंजीव शेजारी बसून घसा खाकरत होते, आणि ते खाकरणं मी तो पाळण्यात होता तेव्हापासून ओळखते. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या हाताला व्यायाम देणाऱ्या बाईंमार्फत. घाबरू नकोस. ती माझी जुनी विद्यार्थिनी आहे. तीनदा नापास होऊन चौथ्यांदा लायसन मिळालं, तेव्हापासून माझ्या शब्दाबाहेर नाही. हाताला शेक लागतोय तोवर सावकाश वाच, आणि वाचून झालं की पत्र तिच्याकडेच परत दे. घरी नेऊ नकोस.

गाड्यांबद्दलचं माझं मत तर जगजाहीर आहे. गिअरची गाडी ती गाडी, बाकी सगळी खेळणी. तुलाही मी हेच ऐकवलं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुला शिकवायला घेतलं, तेव्हा तू क्लच असा झटक्यात सोडायचीस की माझी कवळी जागची हलायची. चढावर गाडी मागे घसरली की तू स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकायचीस. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबायचे आणि तुला शिव्या घालायचे, आणि तू शिव्या खाऊन हसायचीस. घरातली सून मला आई म्हणण्याऐवजी मास्तरीणबाई म्हणते, म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मला मात्र ते फार आवडलं होतं. आई म्हणणारा एक होताच घरात.

तर अशा मास्तरीणबाईनं गिअरच्याच गाडीची शिफारस करावी, अशी चिरंजीवांची अपेक्षा आहे. तुझ्या फोननंतर त्याने मला वेगळा फोन केला. तू तिला समजाव, तुझं ती ऐकते, म्हणाला. आणखीही एक वाक्य बोलला, ते शेवटी सांगते. आधी तुला माझा डावा हात सांगायला हवा. तू कितीदा विचारलंस, मनगट पूर्ण वळत का नाही म्हणून. मी दरवेळी पडले होते असं म्हणाले. आपल्या घरातल्या बायका फार पडतात.

तुझे सासरे तू फक्त फोटोत पाहिलेस. फोटोत दिसतात तसेच होते, देखणे. टायरचं दुकान होतं. ट्रकचं चाक एकट्याने उचलून बसवायचे आणि बघणारे तोंडात बोट घालायचे. त्याच हातांनी पहिल्या वर्षी थोबाडीत बसली. दुसऱ्या वर्षी जुन्या ट्यूबची पट्टी आली. रबराची पट्टी अंगावर वळ उठवते, कातडं फोडत नाही, हे त्यांच्या धंद्यातलं ज्ञान. एकदा डोकं भिंतीवर इतक्यांदा आपटलं की भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं, आणि मग घड्याळ फुटलं म्हणून पुन्हा मारलं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, झाकली मूठ सव्वा लाखाची, आवाज बाहेर जाऊ देऊ नकोस. मी तोंडात पदर कोंबायचे. अगं, मारापेक्षा त्या पदराची चव मला जास्त आठवते.

पण गाडी मला यायची. माझे वडील मालाचे ट्रक चालवत. मुलगा नाही म्हणून त्यांनी मलाच मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं. घरात गाडी आली तेव्हा तुझ्या सासऱ्यांपेक्षा मी बरी चालवते हे गल्लीला कळलं, आणि ते त्यांच्या डोक्यात गेलं. एका रविवारी दुपारी फाटकातून गाडी आत घेताना मी गाडीचं दार खरवडलं. बोटभर ओरखडा, जास्त नाही. ते बनियनवर बाहेर आले, वाकून तो बघितला, डिकी उघडली आणि चाकाचा पाना काढला. शिवी नाही, ओरडणं नाही. मी डोकं वाचवायला डावा हात वर केला. पाना हातावर बसला तेव्हा जोरात कपाट लावल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, गाडीवर मारलं. हात खाली घेऊन बघितला तर मनगटाच्या वर तो भलत्याच ठिकाणी वाकला होता. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा पाठीत. मग दम लागला म्हणून ते पाणी प्यायला आत गेले. पाणी पिऊन परत येणार होते, हे मला माहीत होतं.

पायरीवर तुझा नवरा उभा होता. सहा वर्षांचा. चड्डी ओली झाली होती. मी त्याला उजव्या हातानं उचलून मागच्या सीटवर टाकलं आणि चालवायला बसले. किल्ली लावलेलीच होती. पाय धड होते, डोकं धड होतं, उजवा हात धड होता. आता तू शिकलेली आहेस, तूच सांग, गिअरच्या गाडीला आणखी काय लागतं?

डावा हात. गिअरला डावा, हँडब्रेकला डावा. मी स्टिअरिंग सोडून उजवा हात आडवा नेला, कसाबसा मागचा गिअर टाकला आणि गाडी फाटकाबाहेर काढली. परत स्टिअरिंग सोडलं, गुडघ्यानं अडवून धरलं आणि पहिला टाकला. डावा हात मांडीवर पडला होता आणि खड्ड्यात गाडी उडली की हाडाची दोन टोकं एकमेकांवर घासायची. मी गुरासारखी ओरडत होते. पहिल्या गिअरमध्ये गाडीही तशीच ओरडत होती. कोपऱ्यापर्यंत तशीच आले. पुढे चढ होता आणि चढाच्या वर मोठा रस्ता, तिथे पोलीस चौकी. वळणावर माझा उजवा हात स्टिअरिंगवरून निघेना. आरशात ते दिसले, हातात पाना घेऊन पळत येताना.

आणि मग दोन सीटच्या मधून ही एवढीशी दोन मनगटं पुढे आली. आई, मी टाकतो गिअर, असं म्हणालं माझं लेकरू. दोन्ही हातांनी दांडा धरून त्यानं जीव खाऊन खाली ओढला. मी क्लच दाबला. मला वाटलं दुसरा पडला. पडला होता चौथा. ऐन चढावर चौथ्यात गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. पाय ब्रेकवर नेईपर्यंत ती मागे घसरून भिंतीला टेकली.

काच फुटली ती माझ्या तोंडावर. त्यांनी खिडकीतून हात घालून केस धरले आणि दार उघडून मला खाली ओढलं. समोरच्या शिंपीणबाईनं खिडकी लावून घेतली. मला ती बोटं अजून दिसतात, कडी सरकवणारी. रस्त्यावर पालथं पाडून त्यांनी लाथ मारली तेव्हा समोरचे दोन दात गेले. तू ज्या कवळीला हसायचीस ती ही. त्यानंतर मी रक्त थुंकत पडलेली असताना त्यांनी जे केलं, ते मला पान्यापेक्षा जास्त लागलं आहे. त्यांनी पोराला गाडीतून काढलं, केसातल्या काचा झटकल्या, खांद्यावर घेतलं आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, शाब्बास रे माझ्या वाघा, तू थांबवलीस गाडी. आणि पोर रडायचं थांबलं. बापानं खांद्यावर घेतलेलं त्याला तोवर माहीत नव्हतं. वरून त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आयुष्यभर धुऊन काढायचा प्रयत्न केला.

पुढं मी सुटले कशी, ती मोठी गोष्ट आहे. परत कधीतरी, आपण दोघी निवांत असू तेव्हा. एवढंच सांगते की मी पोराला घेऊन निघाले, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागले, आणि तुझे सासरे पुढे दुकानातच टायरच्या ढिगाशेजारी छातीत कळ येऊन गेले. मी रडले नाही. वाकडा सांधलेला हात घेऊन मी वीस वर्षं मुद्दाम गिअरच्याच गाड्या शिकवल्या. प्रत्येक गिअरला मनगटातून कळ जायची आणि प्रत्येक कळेला मी मनात म्हणायचे, बघ, टाकला. ही माझी खुन्नस होती. लोक तिला मत समजले.

पोराला मी तळहाताच्या फोडासारखं जपलं. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. वाटलं, बीज जळलं. खाण तशी माती असं कुणी म्हटलं तर मी भांडायला उठायचे, म्हणायचे, खाण मी आहे. तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या आईला मी छाती ठोकून सांगितलं होतं की माझा मुलगा मुंगी मारणार नाही.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे आले. तू चहा एका हातानं आणलास, कप एकेक करून. डावा हात गळ्यात बांधलेला. बाथरूममध्ये पाय घसरला, असं तू म्हणालीस आणि चिरंजीव हसून म्हणाले, हिचा तोलच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? तू वरच्या फळीवरचा डबा काढायला उजवा हात वर केलास, बाही मागे सरकली, आणि दंडावर चार बोटं उमटलेली दिसली. पिवळी पडत चाललेली. म्हणजे ती जुनी, आणि गळ्यातला हात नवा. मी कांदा चिरत होते. खरं सांगते, हातातली सुरी त्याच्या पाठीत खुपसावी असं मला वाटलं. नुसतं वाटून गेलं नाही, मी दोन पावलं पुढंही झाले होते. तो पाठमोरा उभा होता, मान अगदी बापासारखी. मग तू म्हणालीस, मास्तरीणबाई, कांदा मी चिरते. एका हातानं कशी चिरणार होतीस गं? पण तुझ्या डोळ्यांत होतं की काही करू नका, तुम्ही गेल्यावर मला इथेच राहायचं आहे. ती भाषा मला येते. मी सुरी धुऊन ठेवली, जेवले, आणि घरी येऊन उशी दातांनी फाडली.

आता ते वाक्य. फोनवर मी त्याला म्हटलं, अरे, तिचा हात अजून नीट नाही, ऑटोमॅटिक घ्या, तिला सोपी पडेल. तर तो म्हणाला, ऑटोमॅटिक नको आई, ती काय, एका हातानंही पळवता येते.

हसला नाही. सहज म्हणाला. मला इतकी वर्षं वाटत होतं की तो ती दुपार विसरला. लहान होता, विसरला असेल, देवानं तेवढी दया केली असेल. तो काही विसरलेला नाही. मोडलेल्या हाताच्या बाईला गिअरची गाडी कोपऱ्यापर्यंतच नेते, हे या जगात ज्या दोघांना पक्कं ठाऊक आहे त्यातली एक मी आणि दुसरा तो. मी त्यातून एक शिकले, तो दुसरंच शिकला. माझ्या पोटचा गोळा आहे, सूनबाई. त्याच्या इवल्या मनगटांची मला अजून माया येते, आणि ज्या हातांनी त्यानं तुझा हात पिरगाळला ते तोडावेत असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. पण दोन्हींपैकी एकच निवडायचं असेल, तर ते माझं निवडून झालं आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ऑटोमॅटिक. आणि ती विकत घ्यायला तुला कुणाची परवानगी लागणार नाही, कारण ती मी घेतली आहे, तुझ्या नावावर. शिकवणीची गाडी मी विकली. आत्ता तू वाचते आहेस तेव्हा चिरंजीव बाहेर बाकावर बसून तुझी वाट बघत असतील. ते दर वेळी सोडायला येतात आणि हलत नाहीत, हे मला बाईंनी सांगितलं. खोलीला मागचं दार आहे. शेक झाला की बाई ते उघडतील. दारासमोरच पांढरी गाडी उभी आहे, तोंड रस्त्याकडे करून, टाकी भरून. डाव्या पायाला काम नाही, डाव्या हाताला काम नाही. उजवा पाय ब्रेकवर ठेव, लिव्हर मी टाकते. इथून सरळ पोलीस चौकीत जायचं. हाताचे फोटो आणि डॉक्टरांचा कागद बाईंनी काढून ठेवला आहे, आणि माझ्या मुलाविरुद्ध पहिला जबाब मी देणार आहे. चालवायला मीही बसले असते, पण उद्यापासून तुला ती एकटीलाच चालवायची आहे, तेव्हा आजच सुरुवात कर. भीती वाटेल. डोळे तेवढे झाकू नकोस. मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसले आहे, नेहमीसारखी. फक्त या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक नाही.

ये लवकर.

तुझीच,
मास्तरीणबाई