चुलीपलीकडचा डबा

आबा, पाऊस थांबून वारा पडला की लोकांना हायसं वाटतं आणि मला भीती वाटते. पन्हाळ्यावरच्या वायरलेसच्या खोलीतून अशाच सकाळी तुम्ही घरी यायचा आणि म्हणायचा, "आज कोल्हापूर गप, आन् कर्नाटकातला कोन तरी कानात बोलतोय." मी हसले की मला चुलीसमोर बसवायचा. जाळावरच्या हवेतून पलीकडचा पिठाचा डबा थरथरताना दिसतो. "डबा हालतोय व्हय गं?" "नाही." "मग? हवा हालतीया. खाली गार, वर ऊन हवा बसली की आवाज वाकतोय. जवळच्याला चुकवून लांबच्याला गाठतोय. मानूस हाय तितंच हाय." कॉन्व्हेंटात सिस्टरांनी हवा वहीत लिहून दिली होती, कळली ती आपल्या स्वयंपाकघरात. एकदा आवाज विरला म्हणून मी तुमच्या सेटचं बटण फिरवलं, तर हातावर चापट बसली. "जागा सोडायची न्हाय! त्यो हाक मारंल तवा तू कुठं असशील?"

यंदाच्या पुरात तुमची नात, माझी डॉक्टर लेक, नदीकाठच्या गावात एका बाळंतिणीपाशी अडकली. मोबाईल बंद. बचाव पथकानं तिला वायरलेस दिला होता, आणि इकडे तालमीत मांडलेल्या त्यांच्या सेटपाशी मी बसले, तुमची मुलगी म्हणून. सकाळी पाऊस उघडला, पाण्यावर धुकं बसलं. "आई, पाणी पायरीला लागलंय. बोट कुठनं येणार ते..." एवढं बोलून ती विरली. तिच्या जागी खणखणीत कानडी. मागून एक पैलवान ओरडतोय, "बोट शाळंच्या मागनं येतीया, काकू! सांगा की तिला!" मी हाका मारतेय, आणि तो कानडी माणूस निवांत कुणाशी तरी हसत बोलतोय. तुमचा डबा डोळ्यांसमोर होता, आबा, तरी मी बटण फिरवलं. एक चॅनेल, दुसरं, तिसरं. सगळीकडे खरखर. परत तिच्या चॅनेलवर आले तेव्हा ती रडकुंडीला आली होती. "आई, कुठं होतीस? मी कधीची हाका मारतेय!"

बोट वेळेत पोचली. बाळंतीण, बाळ, तुमची नात, सगळे सुखरूप आहेत. घरी आल्यावर तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "हवा खराब होती गं." तिनं मानलं. हा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवतेय, तिच्या हाती लागू नये म्हणून. हवा केव्हाच निवळली होती, आबा. मीच जागेवर नव्हते.