उपाशीपोटी अडीचशे

तीर्थस्वरूप ताईस,

दहापैकी नऊ बोटं टोचून घेतलेल्या धाकट्या भावाचा, उरलेल्या एका बोटाच्या भरवशावर केलेला शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. हे साधं वाक्य लिहायची गेले तीन आठवडे माझी छाती होत नव्हती, म्हणून आज त्याच्याखाली रेघ ओढावीशी वाटते. तुझी प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मागच्या पत्रात तू ओझरतं लिहिलं होतंस की संध्याकाळी जेवणाआधी साखर चढलेली दिसते म्हणून इन्सुलिन थोडं वाढवलंस, आणि हल्ली जेवणानंतर घाम येऊन हातपाय थरथरतात. मग 'वयच झालं आता' असं म्हणून तू जी नातीच्या पहिल्या दाताकडे वळलीस ती वळलीसच. (दाताला दीड पान, थरथरीला दीड ओळ. जन्मभर प्रुफं तपासलेल्या माणसाच्या नजरेतून अशी प्रमाणं सुटत नाहीत.) असो. आधी माझी हकिगत ऐक.

तू पाठवलेलं साखर मोजायचं यंत्र मिळालं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला दिवसाला एक गोळी लिहून दिली आहे आणि सांगितलं होतं की आठवड्यातून दोन दिवस मोजा: सकाळी उपाशीपोटी एकदा, आणि जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. मला हा हिशेब फार ऐसपैस वाटला. एवढा मोठा रोग आणि आठवड्यातून दोनदा विचारपूस? लांबच्या आत्याचीसुद्धा आपण याहून जास्त करतो. त्यातून तू रोज चार वेळा मोजतेस हे मला ठाऊक. तू झाडावर चढलीस की मी चढायचं आणि तू पडलीस की मी पडायचं, ही आपली लहानपणापासूनची रीत, तेव्हा मीही चारवर गेलो. तू इन्सुलिन घेतेस आणि त्याची मात्रा ठरवायला तुला आकडा लागतो, मी एका गोळीचा धनी आणि माझ्या आकड्याला तसं काहीच काम नाही, हा भेद त्या वेळी मला क्षुल्लक वाटला. चाराचे सहा झाले, सहाचे नऊ. जिना चढण्याआधी आणि चढल्यावर मोजलं. कार्यालयात एका ग्रंथाची प्रस्तावना तपासण्याआधी आणि नंतर मोजलं. (आकडा पाच अंकांनी उतरला. प्रस्तावना पथ्याला चालेल असा शेरा मारून मी ती पुढे धाडली.) सोमवारी अंगुष्ठ, मंगळवारी तर्जनी, असं बोटांचं वेळापत्रक आखलं, पण गुरुवारपर्यंत अनामिकेने असहकार पुकारला आणि कनिष्ठिका तर नुसती सुई पाहूनच पांढरी पडू लागली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आकडे हसू देईनात. सकाळी उपाशीपोटी अडीचशे. दुसऱ्या दिवशी दोनशे सत्तर. मी रात्रीची पोळी एकावर आणली, मग अर्ध्यावर, तरी आकडा जागचा हलेना. संध्याकाळी घरी आल्यावर मोजावं तर पुन्हा सव्वादोनशे. कार्यालयात मात्र दुपारी एकशे तीस, एकशे चाळीस, अगदी सज्जन. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, "तीन महिन्यांची सरासरी एवढी चांगली आणि वही अशी? पुढच्या सोमवारी यंत्रासकट या. हेच आकडे खरे निघाले तर इंजेक्शन सुरू करावं लागेल." ताई, तू रोज चार वेळा सुई टोचून घेतेस आणि वर भाजीही चिरतेस, पण माझं धैर्य तुला माहीत आहे. शाळेत लस टोचायला माणसं आली की मी कुठे सापडायचो हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. (कृपया तुझ्या भाचीला, म्हणजे आमच्या कन्येला, सांगू नकोस.) तो आठवडा मी जिवंतपणीच स्वतःचा मृत्युलेख मनात लिहून काढला. दोनदा तपासला. एकही चूक सापडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग मी न्यायशास्त्राला शरण गेलो. पाठशाळेत बारा वर्षं घासल्यावर माणूस स्वयंपाकघरात कुचकामी ठरतो, पण अनुमान करायला कमी पडत नाही. कार्यालयात साखर कमी, घरी साखर जास्त. मग घरी असं काय आहे जे कार्यालयात नाही? पलंग आहे, पण तो निर्जीव. तुझी भावजय आहे, पण ती वीस वर्षं आहे आणि रोग तीन महिन्यांचा. चार महिन्यांपूर्वी आलेलं असं एकच कारण उरलं: सासूबाई. जिथे जिथे सासूबाई, तिथे तिथे साखर. धूर दिसतोय म्हणजे आग आहेच. हा सिद्धान्त मी जेवणाच्या टेबलावर, संपूर्ण आदराने, सासूबाई खोलीतच आहेत हे न पाहता मांडला.

सासूबाई तुला माहीत आहेत. मनगटं आखडल्यापासून आमच्याकडे आल्या आहेत. स्वभावाने शांत, फक्त संत्र्याच्या बाबतीत कडक. सकाळी एक आणि संध्याकाळी एक संत्रं त्यांना लागतं, आणि त्याच्या फोडीवर पांढरी शीर राहिलेली चालत नाही. ते सोलायचं काम माझ्याकडे, कारण घरात बारीक नजर माझीच. "जावईबापू, तिसऱ्या फोडीवर एक राहिलीय हो." चष्म्याशिवाय दिसतं त्यांना! तर माझा सिद्धान्त ऐकून त्या उठल्या आणि बॅग भरायला घेतली. "धाकटीकडे जाते. तुमच्या रक्तात माझ्यामुळे काही नको," एवढंच म्हणाल्या. तुझ्या भावजयीने त्यानंतर माझ्याशी तीन दिवस फक्त भांड्यांच्या आवाजातून संवाद साधला.

सोमवार उजाडला. सकाळचा आकडा दोनशे ऐंशी. बॅग दाराशी, धाकट्या मेहुणीला संध्याकाळी न्यायला बोलावलेलं. मी यंत्र घेऊन दवाखान्यात गेलो, चेहरा असा की प्रतीक्षेतल्या बाईंनी स्वतःची खुर्ची मला दिली. आतल्या सिस्टर म्हणजे पंचवीस वर्षं लोकांची बोटं हाताळलेली बाई. त्यांनी मला बेसिनपाशी नेलं, साबणाने हात धुवायला लावले, कोरडे पुसायला लावले, आणि बोटाच्या टोकाला नव्हे तर कडेला टोचलं. (कडेला कमी दुखतं. हे ज्ञान मला नऊ बोटांनंतर मिळालं.) त्यांच्या यंत्रावर एकशे अठरा. माझ्या यंत्रावर एकशे एकवीस. मी म्हटलं, यंत्र सरकारी माणसासारखं आहे, वरिष्ठ समोर असले की नीट वागतं. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, घरी कसं करता ते पहिल्यापासून करून दाखवा. एकही पायरी गाळू नका."

मी म्हटलं, "त्यासाठी एक संत्रं लागेल."

बाजूच्या टेबलाशी लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "संत्रं कशाला?" "सासूबाईंना. आधी सोलून देतो, मग रुमालाला हात पुसतो, मग टोचतो." सिस्टरनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पाठशाळेत गुरुजींनी एकदाच टाकली होती, त्यावर न लिहिलेलंच बरं. सिस्टरच्या डब्यात खरंच एक संत्रं निघालं. मी ते नियमानुसार सोललं, शिरा काढल्या, रुमालाला हात पुसले, टोचलं. दोनशे बासष्ट. हात धुतले, पुन्हा टोचलं. एकशे वीस. ताई, ती साखर माझ्या रक्तात नव्हतीच, अंगठ्यावर होती! एका थेंबाला बोटावरचा फळाचा चिकटा पुरतो म्हणे. दोरीला साप समजून घाबरल्याचे दाखले मी आयुष्यभर वाचले, पण दोरी स्वतः सोलून, शिरा काढून, तिच्यासमोर तीन आठवडे थरथरणारा मीच पहिला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि इथे तर संन्याशाची बॅग दाराशी होती.

इंजेक्शन नाही. गोळी आहे तीच. मोजायचं आठवड्यातून दोनच दिवस. ताप आला, गरगरलं किंवा औषध बदललं तरच जास्त. मी दवाखान्यातून घरापर्यंत जवळजवळ पळत आलो आणि सासूबाईंसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे साखर माझ्यामुळेच होती तर."

"तुमच्यामुळे नाही हो, संत्र्यामुळे."

"संत्रं कुणाचं?"

मी बॅग उचलून आत नेली. संध्याकाळी अख्खी पोळी खाल्ली, तुझ्या भावजयीने दुसरी न विचारता वाढली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला झोपायच्या आधी बोट शोधावं लागलं नाही.

घरातील वडीलधाऱ्यांस नमस्कार, त्या एका दातास अनेक आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. १: पत्रात तू लिहिलंयस की संध्याकाळी नातीला केळं बोटांनी कुस्करून भरवतेस, ते झालं की स्वतःची साखर मोजतेस, आणि मग जेवायला बसतेस. पदराला हात पुसतेस हे तू लिहिलं नाहीस, पण मी तुला पन्नास वर्षं ओळखतो.

ता. क. २: त्या केळ्याच्या आकड्यावर तू इन्सुलिन वाढवलंस. आता थरथर का होते ते माझ्याने लिहवत नाही. मात्रा मनाने कमी करू नकोस, वाढवू तर मुळीच नकोस. आजच डॉक्टरांना विचार. थरथरलीस तर लगेच हात धुऊन मोज आणि आकडा खाली असेल तर साखर खा, वयाला दोष देत बसू नकोस. वरची सगळी पानं मी एवढ्यासाठीच लिहिली. सरळ सांगितलं असतं तर फोन ठेवून दिला असतास; स्वतःची फजिती सांगितली की तू शेवटपर्यंत वाचतेस.

ता. क. ३: हे पत्र पोस्टाने का आलं नाही, तुझी भाची स्वतः का घेऊन आली, असं तुझ्या मनात आलं असेल. चष्मा काढून वर बघ. तिच्या हातात साबण आहे. ऊठ.