बाहेर बसलेलं मत

रविवार, १८ मे २०२५

जिंकले! हात वर करून मोजलं. माझ्या बाजूनं एकतीस, मधुकररावांच्या बाजूनं सव्वीस.

ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून वाद सकाळी आठला ठेवला होता. तरी साडेनऊला वाचनालयाच्या सभागृहात भट्टी. विषय मीच दिलेला: 'अल्पमताचं सरकार की आघाडी? कॅनडाचा धडा'. तिथे गेल्या महिन्यात निवडणूक झाली. सर्वांत मोठा पक्ष बहुमताच्या उंबऱ्याशी येऊन थांबला आणि कुणाशी आघाडी न करता राज्य चालवायला बसला. आपल्याकडे असं झालं असतं तर एव्हाना आमदार कुठल्या रिसॉर्टात असते, असं विचारलं तर मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, कॅनडा राहू द्या, मुंबईचंच सांगा ना!"

मी बोलले ते असं— साठच्या दशकात त्या देशाला आरोग्यविमा मिळाला, पेन्शन मिळाली, नवा झेंडासुद्धा मिळाला, तो अल्पमतातल्या सरकारांच्या काळात. ज्याला रोज मत मागावं लागतं, तो रोज ऐकून घेतो. आघाडी म्हणजे मतदाराला न विचारता परस्पर लावलेलं लग्न!

मधुकरराव उठले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त सरकारी वकील. आवाज अजून कोर्टातलाच. "सुमतीबाई, लग्नात निदान कागद असतो. तुमचं अल्पमत म्हणजे रोज सकाळी शेजारणीकडे उसनी साखर मागायची. ती एक दिवस नाही म्हणाली की चहा बंद! एकोणऐंशी साली तिथलं सरकार बजेटवर पडलं— एकशे एकोणचाळीस विरुद्ध एकशे तेहतीस. का? तर पंतप्रधानाला आपली माणसं मोजता आली नाहीत. कोणी दौऱ्यावर, कोणी आजारी."

हे त्यांनी टाकलेलं जाळं होतं आणि मी ते त्यांच्याच अंगावर फेकलं. म्हटलं, आजाऱ्यासाठी त्यांच्याकडे जोडीची प्रथा आहे. एका बाजूचा माणूस येऊ शकत नसेल, तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून मत देत नाही. त्याची वही सभागृहातच ठेवलेली असते. सक्ती नाही, शिक्षा नाही, फक्त शब्द. "ज्या संसदेत विरोधकाच्या आजारपणाचा फायदा घेत नाहीत, तिला आघाडीचे करार लागत नाहीत!"

टाळ्या किती वेळ चालल्या! पहिल्या रांगेत मधुकररावही टाळ्या वाजवत होते.

बावीस वर्षं झाली. महिन्याचा तिसरा रविवार, आणि आम्ही दोघं.

मंगळवार, २० मे

नोटीस आली. वाचनालयाच्या सचिवाची, मुकुंदची सही. १ जूनला कार्यकारिणीची सभा, विषय एकच: तळमजल्यावरची अभ्यासिका एका खाजगी क्लासला पाच वर्षं देणे.

म्हणजे शेवटी आणलंच.

नऊ जणांची कार्यकारिणी. अध्यक्ष मी, पण माझी माणसं माझ्यासकट चार. मुकुंदकडे पाच, त्यात मधुकरराव. कॅनडाबद्दल गळा काढणाऱ्या बाईचं स्वतःचंच अल्पमतातलं सरकार आहे!

मधुकररावांचा हेतू वाईट नाही हे मला माहीत आहे. वर ग्रंथालयाला वाळवी लागलीय, छत गळतं, क्लासच्या पैशातून पुस्तकं वाचतील असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. पण खाली बसणाऱ्या चाळीस पोरींचं काय? एक कूलर, एक माठ आणि शांतता. एवढंच देतो आम्ही त्यांना, फुकट.

गुरुवार, २२ मे

दीक्षा आली होती. मौद्याहून रोज पहिल्या बसनं येते, अभ्यासिकेचं कुलूप उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असते. सप्टेंबरमध्ये तिची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा. मागच्या वेळी दोन गुणांनी हुकली.

"मॅडम, हे बंद झालं तर बाबा म्हणते घरीच बस. घरी दोन खोल्या, सहा माणसं. आन् घरी बसली की लग्नाचंच बोलून राहिले सगळे. मुलगाबी पाहून ठेवला आहे."

"पाहून ठेवला म्हणजे?"

"कळमेश्वरचा आहे. कंपनीत. वाईट नाही जी. पण मले नाही करायचं ना आता!"

मी म्हटलं, खोली जाणार नाही. एवढ्या ठामपणे म्हटलं की तिनं निर्धास्त होऊन पुस्तक उघडलं. बोलायची हीच तर सवय मला— आधी शब्द जातो, मग त्याच्यामागे धावायचं.

सोमवार, २६ मे

मुकुंदच्या गटातल्या दोघांना भेटले. एकानं चहा दिला, दुसऱ्यानं तोही नाही. पाच ते पाचच.

बुधवार, २८ मे

दुपारी मधुकररावांचा फोन. आवाज ओळखू येईना. काल छातीत दुखलं, दवाखान्यात आहेत. तीन नळ्या बंद. बायपास रविवारी सकाळी. म्हणजे १ जून, सभेचाच दिवस.

मी म्हटलं, सभा पुढे ढकलू. म्हणाले, मुकुंद ऐकायचा नाही, क्लासवाल्याला जूनमध्येच सुरुवात करायची आहे. आणि मग— "सुमतीबाई, जोडी लावता का? तुमचा एक माणूस बाहेर ठेवा. नाही म्हणालात तरी राग नाही. मी डॉक्टरांना सांगतो दोन दिवस थांबा, मत देतो आणि मग झोपतो टेबलावर."

हिशेब माझ्या डोक्यात लगेच झाला होता, हे इथे लिहायलाच हवं. ते नसले तर चार विरुद्ध चार. बरोबरी झाली की अध्यक्षाला जास्तीचं मत. खोली वाचते. जोडी लावली तर तीन विरुद्ध चार. खोली जाते.

"वेड्यासारखं करू नका," मी म्हटलं. "ऑपरेशन करून घ्या. जोडी लावली."

"वही कुठाय आपली?" हसले. हसताना खोकला आला.

"माझा शब्द हीच वही."

काय वाक्य! फोनवरसुद्धा मला व्यासपीठ लागतं.

शुक्रवार, ३० मे

ओमप्रकाशला सांगितलं, रविवारी तू बाहेर बसायचं. इतवारीत धान्याचं दुकान आहे त्याचं. माझ्या चौघांतला सगळ्यात साधा आणि सगळ्यात भरवशाचा.

"मॅडमजी, अपनी खोली जायेगी ना फिर?"

"जाईल."

"पर बुढऊ का ऑपरेशन है. ठीक है. मैं बाहर बैठ जाता." आणि वर म्हणाला, "भाषण मैंने सुना था आपका. एकदम बराबर बोले थे."

रविवार, १ जून

लिहिते. सगळं लिहिते.

सभा नऊ वाजता. ओमप्रकाश ठरल्याप्रमाणे व्हरांड्यात, माठाशेजारच्या बाकावर. आत आम्ही सात. मुकुंद निवांत होता, जोडीचं मधुकररावांनी त्याला कळवलं होतंच; ठरावाचा कागद पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर मोबाइल ठेवून बसलेला. दाराशी पोरी उभ्या होत्या, पंधरा-वीस. बोलायची परवानगी नव्हती त्यांना. दीक्षा पुढेच. छातीशी पुस्तक.

मुकुंदनं ठराव वाचला. मी विरोधात बोलले. चांगलं नाही बोलले. हरणार हे माहीत असताना मला बोलता येत नाही.

मग मतदान घ्यायचं. मी दाराकडे पाहिलं. दीक्षा रडत नव्हती, रडली असती तर कदाचित मी केलं नसतं. ती पुस्तक पिशवीत भरत होती.

"ओमप्रकाश," मी हाक मारली, "आत या."

तो दारात आला. "मॅडमजी?"

"बसा. मतदान आहे."

मुकुंद ताडकन उठला. "मॅडम! जोडी ठरली होती! तुम्ही शब्द दिला होता मधुकरकाकांना!"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आपल्या संस्थेच्या घटनेत जोडी नाही. असेल तर कलम दाखवा."

कोणालाच दाखवता येईना. चार विरुद्ध चार. अध्यक्षाचं जास्तीचं मत ठरावाच्या विरुद्ध. अभ्यासिका राहिली.

पोरींनी आरडाओरडा केला, दोघी पाया पडल्या. त्याच वेळी तिकडे मधुकररावांची छाती उघडलेली असेल.

सोमवार, २ जून

कांताबाई अभ्यासिका झाडते, कुलपाच्या किल्ल्या तिच्याकडे. खोली गेली असती तर तिचं कामही गेलं असतं. मला वाटलं, ती तरी खूश असेल.

"बाई, एक विचारू? तुमी त्या बुढ्याले हो म्हनलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"मंग काहून फिरल्या?"

"पोरींसाठी, कांताबाई."

तिनं केर सुपात भरला. "पोरींसाठी ठीक हाय जी. पन मग आधीच नाही म्हनाचं होतं. तो मत देऊन मंग झोपला असता ना."



बुधवार, ४ जून

ऑपरेशन झालं, पण फुप्फुसात पाणी. अतिदक्षता विभागात आहेत अजून.

दवाखान्यात गेले. लिफ्टपर्यंत. परत आले.

शनिवार, ७ जून

ओमप्रकाशनं राजीनामा आणून दिला. दोन ओळींचा, हिंदीत. मी म्हटलं, तू काही चूक केलेली नाहीस, मी बोलावलं.

"हां, आपने बुलाया तो मैं आ गया. मेरेको बैठे रहना था." चप्पल घालता घालता म्हणाला, "दुकान में रोज जबान पे माल देता मैं, मॅडमजी. लोग पूछ रहे हैं, वो मीटिंग में तू ही था क्या."

रविवार, ८ जून

मुकुंदनं पत्र फिरवलं, सदुसष्ट सह्या. १५ तारखेला विशेष सर्वसाधारण सभा— अध्यक्षांवर अविश्वास. आणि अध्यक्ष पडला तर १ जूनचा ठरावही नव्याने घेणार. म्हणजे खोली पुन्हा टांगणीला. मी आणि ती खोली आता एकाच दोरीला बांधलेल्या आहोत.

१५ तारीख म्हणजे महिन्याचा तिसरा रविवार. आमच्या वादाचा दिवस.

बुधवार, ११ जून

भाषण लिहून काढतेय. बावीस वर्षांत कधी लिहून बोलले नव्हते.

मुद्दे चांगले आहेत. मोठ्या हितापुढे लहान वचन. नियम लेखी असतो, सौजन्य ऐच्छिक. चाळीस मुलींचं आयुष्य एका पारड्यात, दोन म्हाताऱ्यांचं गोड बोलणं दुसऱ्यात. उभी राहिले तर जिंकेन. आवाज आहे अजून.

वाचून पाहिलं. हे कोणी दुसऱ्यानं माझ्यासमोर मांडलं असतं, तर मी त्याला पाच मिनिटांत उभं चिरलं असतं.

शुक्रवार, १३ जून

दीक्षा पेढे घेऊन आली, कसल्याशा सराव परीक्षेत पहिली आली. पेढा हातात ठेवून घुटमळली.

"मॅडम, मुली म्हणून राहिल्या की त्या सरांनी ऑपरेशन तुमच्या भरवशावर केलं. खरं आहे का?"

"हो."

तिनं मान हलवली. "मले आधी माहीत नव्हतं." आणि जाऊन तिच्या जागेवर बसली. आज पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून.

शनिवार, १४ जून

ठरवलं. भाषण नाही करायचं. उभं राहून दोन वाक्यं बोलायची— शब्द दिला होता, मोडला. मला काढा, पण खोलीवर राग काढू नका. ऐकतील? मला हवं ते ऐकवून घेण्याची सवय आहे. हे कसं ऐकवतात ते माहीत नाही.

रविवार, १५ जून

मी उठणार तेवढ्यात मधुकरराव आले. दोघांनी धरून आणलं. छातीला पट्टा, हातात लहान उशी, खोकला आला की ती छातीवर दाबून धरायची. अर्धे झालेत. मुकुंदनं माइक त्यांच्यापुढे नेला.

म्हणाले, "ऑपरेशनच्या सकाळी मीच सुमतीबाईंना फोन केला होता. जोडी मोडा म्हटलं, त्या पोरींची खोली राहू द्या. त्यांनी शब्द मोडलेला नाही. ओमप्रकाशचाही राजीनामा परत करा."

सभागृहात टाळ्या. मुकुंदनं ठराव मागे घेतला. खोली राहिली, मी राहिले.

फोन आला नव्हता. त्या सकाळी कुणाचाच आला नव्हता.

माझी दोन वाक्यं तयार होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले आणि बसले.

बाहेर गाडीत बसवताना मी जवळ गेले. त्यांनी उशी सावरली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या महिन्याचा विषय तुम्हीच ठरवा. समोर बसायला मात्र दुसरा कोणी बघा."